अब्जाधीशांच्या दानाने जगातली गरिबी कमी होते का?

पाऊलवाट

गेले दोन रविवार आमच्याकडे जेवताना एकच वाद चाललाय, म्हणून शेवटी धागा काढला.

बिल गेट्स यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केलं की जवळपास सगळी संपत्ती वाटून टाकणार. पुढच्या वीस वर्षांत फाउंडेशनमार्फत सुमारे २०० अब्ज डॉलर खर्च करायचे आणि ३१ डिसेंबर २०४५ ला फाउंडेशनच बंद करायचं. दादाला हे फार मोठं वाटतं. तो स्वतः दर महिन्याला पगारातला ठरलेला हिस्सा आफ्रिकेतल्या मच्छरदाण्यांसाठी पाठवतो. त्याचं म्हणणं, असे शंभर-दोनशे लोक निघाले तर जगात कुणी उपाशी राहणार नाही.

बाबा सगळं ऐकून घेतात आणि मान हलवतात. बहात्तरच्या दुष्काळात ते बार्शीकडे रस्त्याच्या कामावर हजेरी मांडायला होते, वय एकवीस. ते म्हणाले, "अमेरिकेची मिलो ज्वारी आली, सुकडी आली, ते खाऊन माणसं जगली. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण बाया दुकानात उधारी मागायच्या थांबल्या त्या मजुरी हातात पडायला लागल्यावर."

मला दोघांचंही पटतं आणि ते बरोबर नाही असंही वाटतं. कुणी जवळून पाहिलं असेल तर लिहा. नुसती मतं आमच्याकडे भरपूर झाली आहेत.

निवडुंग

कमी होते का? हो. संपते का? नाही. मी चहा टाकून येतो, तोवर बाकीचे लिहितीलच.

लेखाजोखा

आधी हिशोब मांडू या, मग भांडू.

२०० अब्ज डॉलर वीस वर्षांत म्हणजे सरासरी वर्षाला १० अब्ज. जागतिक बँकेने २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा माणशी रोज ३ डॉलरवर नेली (हे डॉलर त्या त्या देशातल्या स्वस्ताई-महागाईप्रमाणे जुळवून घेतलेले असतात). त्या रेषेखाली आज जगात ८० कोटींच्या आसपास माणसं आहेत. १० अब्ज भागिले ८० कोटी केलं की माणशी वर्षाला साडेबारा डॉलर येतात, म्हणजे हजार-अकराशे रुपये. जगातलं सर्वांत मोठं खाजगी दान सारखं वाटलं तर घरातल्या एका माणसाला महिन्याला शंभर रुपयेसुद्धा पडत नाहीत.

दुसरा आकडा. सगळ्या श्रीमंत देशांच्या सरकारांची मिळून अधिकृत मदत २०२४ साली २१० अब्ज डॉलरच्या थोडी वर होती. म्हणजे गेट्स वीस वर्षांत जेवढे देणार, तेवढे सरकारांनी त्या एका वर्षात दिले.

आणि तिसरी गोष्ट. १९९० साली जवळजवळ २०० कोटी लोक अतिगरीब होते, २०१९ पर्यंत जुन्या रेषेने तो आकडा ७० कोटींच्या आसपास आला. एकट्या चीनने चाळीस वर्षांत ८० कोटींच्या आसपास लोक वर काढले. ते कुणाच्या देणगीवर नाही, शेतीच्या सुधारणा, कारखाने आणि पगारावर. त्यामुळे माझं मत पाऊलवाट यांच्या बाबांच्या बाजूने. दानाने गरिबांचं भलं होतं यात वाद नाही, पण देशच्या देश वर येतो तो वेगळ्या वाटेने.

तिफण

लेखाजोखा, एक राहिलं. यातलं निम्मं दान म्हणजे कर वाचवायची सोय. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न कार्यक्रमाच्या प्रमुखांनी अब्जाधीशांना आवाहन केलं की ६ अब्ज द्या, ४ कोटी २० लाख माणसं उपासमारीच्या कडेला आहेत. इलॉन मस्क म्हणाले, त्या पैशात भूक कशी मिटेल ते नीट मांडून दाखवा, लगेच शेअर विकतो. आराखडा मांडला गेला, ६.६ अब्जांचा. त्याच नोव्हेंबरात मस्क यांनी ५.७ अब्ज डॉलरचे शेअर दान केलेसुद्धा, पण ते गेले त्यांच्या स्वतःच्याच फाउंडेशनकडे. भुकेल्याच्या ताटात काय पडलं?

दान मर्जीवर असतं. कराला मर्जी चालत नाही. आपल्याकडे रोजगार हमी उभी राहिली ती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून, कायदा झाला १९७७ साली, आणि तिच्यासाठी पैसा आला व्यवसाय करातून. म्हणजे मुंबई-पुण्यातल्या पगारदाराच्या पगारातून थोडे थोडे कापून बीड-सोलापूरच्या बाईची मजुरी निघाली. त्यात कुणाचा फोटो नाही, सत्कार नाही. काम मागितलं तर मिळणं हा तिचा हक्क होता. जगाच्या पातळीवर हेच का नको? गॅब्रिएल झुकमन या अर्थतज्ज्ञाने २०२४ मध्ये जी-२० साठी हिशोब करून दिला: जगातल्या सुमारे ३,००० अब्जाधीशांनी संपत्तीच्या निदान २ टक्के कर भरावा, तर वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलर जमतील. वर्षाला!

लेखाजोखा

तिफण, झुकमनच्या कराला माझा पाठिंबाच आहे. पण "दान म्हणजे कर वाचवणं" हे वाक्य मी रोज ऑफिसात ऐकतो आणि रोज समजावतो. शंभर रुपये दिले आणि त्यातले तीस-चाळीस करात वाचले, तरी साठ खिशातून गेलेच. खरी पळवाट दुसरीकडे आहे. अमेरिकेत वाढलेल्या किमतीचे शेअर दान केले की त्या नफ्यावरचा कर लागत नाही, वजावट मात्र लगेच मिळते, आणि खाजगी फाउंडेशनने दर वर्षी आपल्या मालमत्तेच्या साधारण ५ टक्के खर्च केले तरी कायदा खूश. पैसा देऊन झाला, पण गरिबापर्यंत पोचला नाही, अशी मधली अवस्था कितीही वर्षं चालू शकते. म्हणूनच गेट्स यांनी बंद करायची तारीख जाहीर केली याचं मला महत्त्व वाटतं.

हडपसरवासी

चांगला धागा. सगळं पैशातच मोजत बसलात तर एक गोष्ट सुटेल, आणि ती माझ्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर घडली आहे.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक पट्टा आहे. तिथे कोरड्या हवेच्या महिन्यांत मेंदूज्वराची साथ यायची. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख माणसं आजारी पडली, २५ हजार गेली. वाचलेल्यांतली कित्येक मुलं बहिरी झाली. बुर्किना फासोमध्ये अभ्यास झाला तेव्हा दिसलं की एका रोग्यामागे घराला ९० डॉलरच्या आसपास खर्च येतो. ज्या देशात माणशी वर्षाचं उत्पन्नच जेमतेम तीनेकशे डॉलर, तिथे एका आजारपणात घर कर्जात जातं. गुरं विकली जातात, बी-बियाण्याचे पैसे जातात.

२००१ साली गेट्स फाउंडेशनने या एका लशीसाठी ७ कोटी डॉलर दिले. पण पुढचं जास्त महत्त्वाचं. त्या देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आधी विचारलं गेलं, आणि त्यांनी सांगितलं की डोस ५० सेंटच्या आत बसला तरच आम्हाला झेपेल. मोठ्या परदेशी कंपन्यांना त्या किमतीत रस नव्हता. लस बनवायचं तंत्र अमेरिकेतल्या एका सरकारी प्रयोगशाळेने दिलं आणि लस बनली आपल्या हडपसरच्या सीरममध्ये. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत पहिली मोठी मोहीम झाली. त्यानंतर ३० कोटींहून जास्त लोकांना टोचली गेली आणि त्या 'अ' प्रकारच्या मेंदूज्वराच्या साथी थांबल्या.

आता सांगा, याला गरिबी कमी होणं म्हणायचं की नाही? रेषेवर कुणी चढलेलं दिसणार नाही. पण किती घरांची गुरं विकायची वाचली, ते कुठल्या तक्त्यात येणार?

शेवंती

हडपसरवासी, वाचताना अंगावर काटा आला. दिवाळीत त्या रस्त्याने कितीदा गेलेय, कधी कल्पना नव्हती.

माझी शंका एवढीच: आजार थांबला म्हणजे घर खाली जायचं थांबलं. वर कसं जाणार?

किसुमूकर

शेवंतीताईंच्या शंकेवर थोडं लिहू शकेन. मी मूळ इस्लामपूरचा, साखर कारखान्यात केमिस्ट. गेली नऊ वर्षं पश्चिम केनियात आहे. इकडच्या कारखान्यांत आपली सांगली-कोल्हापूरची मंडळी बरीच भेटतात.

शेजारच्या सियाया काउंटीत गिव्हडायरेक्टली या संस्थेने एक मोठा प्रयोग केला. ६५३ गावं, साडेदहा हजार कुटुंबं. प्रत्येक कुटुंबाला हजार डॉलरच्या आसपास, टप्प्याटप्प्याने, थेट मोबाइलवर. इकडे एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय २००७ पासून आहे, आपल्याकडे किराणा दुकानात रिचार्ज मिळायचं तसे त्याचे एजंट खेडोपाडी बसलेले असतात. पैसे कशावर खर्च करायचे ते कुणी सांगितलं नाही. यातला बराच पैसा श्रीमंत देणगीदारांकडून येतो, अमेरिकेतल्या अब्जाधीश मॅकेन्झी स्कॉट यांनीही या संस्थेला दिले आहेत. अर्थतज्ज्ञांनी नंतर मोजलं तर एका डॉलरमागे त्या भागात अडीच डॉलरच्या आसपास उलाढाल झाली. ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्यांचीही कमाई वाढली, आणि भाववाढ मात्र नगण्य.

आता डोळ्यांनी पाहिलेलं. आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचं माहेर त्याच बाजूला. त्यांच्या आईला अशाच एका योजनेत पैसे मिळाले. कुणाला द्यायचे याची खूण होती छप्पर. गवताचं छप्पर असेल तर तुम्ही यादीत. म्हातारीने पहिल्या हप्त्यात पत्रे घेतले. मी गेलो होतो तेव्हा पत्रे नवे होते, डोळ्यांवर ऊन मारत होते. मला वाटलं, शेळ्या घ्यायच्या सोडून पत्रे कशाला? मग मावशींनी सांगितलं. गवताचं छप्पर दर एक-दोन वर्षांनी बदलावं लागतं. गवत आता जवळ मिळत नाही, विकत घ्यावं लागतं. शिवाय पावसात रात्रभर भांडी ठेवून जागायचं. पत्र्याखाली पन्हळ लावली की पिण्याचं पाणी पिंपात पडतं, दूरवर जायला नको. म्हणजे पत्रा हीच तिची गुंतवणूक होती. मला शेळ्याच दिसत होत्या.

दुसऱ्या हप्त्यात तिने सुकी मासळी विकायला घेतली. व्हिक्टोरिया सरोवरात ओमेना नावाची बारीक मासळी मिळते, वाळवलेली, थेट आपल्या सुकटीसारखी.

चिपळूणची माहेरवाशीण

अवांतर: किसुमूकर, त्या ओमेनाचं तिथले लोक काय करतात? कांदा-कोकम घालून कालवण होईल का?

किसुमूकर

कांदा-टोमॅटो घालून करतात, उगालीबरोबर खातात. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. कोकम मी गावाहून आणतो आणि मावशींनाही आता त्याची चटक लागली आहे.

तिफण

किसुमूकर, फार छान लिहिलंत. पण छपराची खूण म्हणालात त्यावर विचारतो. ज्याने पोटाला चिमटा काढून आधीच पत्रे घातले होते, त्याचं काय?

किसुमूकर

त्याला काही नाही. आणि ते बोचतं, हे मी पाहिलं आहे. मावशींच्या आईचा दीर शेजारीच राहतो, त्याच्या घरावर जुने गंजके पत्रे. तो वर्षभर त्यांच्या ओट्यावर आला नाही. अभ्यासात शेजाऱ्यांचाही फायदा झाला असं दिसतं, आणि ते खरं असेलही, कारण तोच दीर आता त्यांच्याकडून मासळी घेतो. पण "तिला का आणि मला का नाही" याचं उत्तर गावातल्या कुणाकडेच नव्हतं. निर्णय गावाबाहेर झालेला होता. होमा बे भागात तर कितीतरी कुटुंबांनी पैसे घ्यायलाच नकार दिला. फुकट कोण देतं, यात काहीतरी सैतानी असणार, अशी बोलवा होती.

रानमेवा

निर्णय बाहेर झाल्यावर काय होतं याचं माझ्या डोक्यातलं उदाहरण म्हणजे प्लेपंप. दक्षिण आफ्रिकेत कुणीतरी लहान मुलांचं गोल फिरायचं चक्र पाण्याच्या पंपाला जोडलं. मुलं खेळतील, पाणी वर चढेल. २००६ साली न्यू यॉर्कमध्ये मोठ्या समारंभात १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले. कुणाच्याही डोळ्यांत पाणी येईल अशी कल्पना. पण मुलं किती वेळ खेळणार? उरलेला वेळ म्हाताऱ्या बायका ते चक्र हातांनी फिरवत बसायच्या. साधा हातपंप याहून स्वस्त आणि हलका होता, आणि काही गावांत तो काढून हे बसवलं होतं. २०१० पर्यंत योजना गुंडाळली.

आमच्या आजीला कुणी विचारलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की पोरं सकाळी सहाला खेळत नाहीत आणि पाणी सकाळी सहालाच लागतं.

निवडुंग

रानमेवा, आजींना नमस्कार सांगा. पूर्ण समितीचं काम एका वाक्यात केलं.

वर्धेकर

इथे भूदानाचा विषय निघाला नाही याचं नवल वाटलं. आम्ही पवनारजवळचे, लहानपणापासून हे ऐकत आलो. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीला विनोबांनी विचारलं आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर दिले. पुढे विनोबा तेरा वर्षं पायी हिंडले, ४० लाखांहून जास्त एकर जाहीर झाले. माझे आजोबा काही काळ त्या यात्रेत होते. ते सांगायचे, सभेत जमीनदार उठून आकडा सांगायचा तेव्हा लोक रडायचे. पण नंतर कागद करायला गेलं की कळायचं: कुठे खडकाळ माळ, कुठे नदीची वाळू, कुठे भावाभावांत कोर्टात पडलेला तुकडा. बरीच जमीन कधी वाटलीच गेली नाही.

आजोबांनी विनोबांना कधी दोष दिला नाही, मीही देणार नाही. मन बदलतं हे त्यांनी दाखवलं. पण देणारा आपल्याला नको असलेलं आधी देतो. जमीन असो की शेअर, हे मी धरून चालतो. म्हणून घेणाऱ्याने पसंत-नापसंत सांगायची सोय हवी. हडपसरवासींच्या लशीत नेमकं तेच झालं, ५० सेंटचा आकडा घेणाऱ्यांनी सांगितला होता.

चिपळूणची माहेरवाशीण

मला एक वेगळंच सुचवायचंय. आपण श्रीमंतांचं दान मोजतोय, पण गरिबांनी गरिबांना पाठवलेला पैसा कुणी मोजत नाही. आमचं कोकण पन्नास वर्षं मनीऑर्डरवर चाललं. गिरणगावात खाटेवर पाळीने झोपणारा माणूस महिन्याला पैसे धाडायचा आणि इकडे त्यात घरावर कौलं चढायची, बहिणीचं लग्न व्हायचं. पोस्टमन दारात आला की आजी आधी हात धुऊन यायची, मग अंगठा द्यायची.

जगात हेच चाललंय. परदेशी गेलेल्यांनी गरीब आणि मध्यम देशांतल्या आपल्या घरी २०२३ साली ६५० अब्ज डॉलरहून जास्त पाठवले. लेखाजोखांनी सांगितलेल्या सगळ्या सरकारी मदतीच्या तिप्पट! आणि दोनशे डॉलर पाठवायला सरासरी ६ टक्के कटतात. ते ३ टक्क्यांवर आणायचं असं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलंय, अजून झालेलं नाही. कुणा अब्जाधीशाला खरंच काही करायचं असेल तर त्याने तेवढं कमिशन कमी करून दाखवावं. कष्टाचा पैसा पूर्ण घरी पोचू दे.

लेखाजोखा

हा मुद्दा माझ्या हिशोबातून सुटला होता. धन्यवाद. ६ टक्के धरले तर ३९ अब्ज होतात, म्हणजे गेट्स यांच्या जवळपास चार वर्षांचं दान नुसतं पैसे पाठवण्याच्या खर्चात.

मोरपंखी

मी गडचिरोलीत काही वर्षं काम केलंय, म्हणून दान आणि सरकार यांच्या मधली जागा मला दिसते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत साध्या शिकलेल्या गावच्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, गरज पडली तर इंजेक्शन. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले, १९९९ साली तो निबंध लॅन्सेटमध्ये आला. ३९ गावांत हे करायला देणगी पुरते. पण देशभर नेलं ते सरकारने, २०११ पासून आशाताईंमार्फत. कुठल्याही फाउंडेशनकडे एवढे पाय नाहीत.

म्हणून अमेरिकेने २०२५ मध्ये यूएसएड ही आपली परदेशी मदतीची सरकारी संस्था बंद केली तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. ती वर्षाला ४० अब्ज डॉलरच्या आसपास हाताळायची. गेट्स यांनी स्वतः सांगितलं की ही पोकळी कुठलंही फाउंडेशन भरून काढू शकत नाही. जो सर्वांत जास्त देतो तोच हे सांगतोय, ते ऐकलं पाहिजे.

पाऊलवाट

उशिरा येतेय, माफ करा. काल सगळा धागा बाबांना वाचून दाखवला, दादा फोनवर होता. दीड तास लागला, कारण बाबा मध्ये मध्ये थांबवत होते.

मच्छरदाण्यांबद्दल इथे कुणी बोललं नाही म्हणून दादा खट्टू झाला, तेव्हा त्याच्या वतीने लिहिते: २००० ते २०१५ मध्ये आफ्रिकेत हिवतापाचे जेवढे रोगी टळले, त्यातला दोन तृतीयांशांहून जास्त वाटा मच्छरदाण्यांचा होता. तो पाठवत राहणार आहे, आणि बाबांनी त्याला "थांबवू नकोस" असं पहिल्यांदाच सांगितलं.

बाबांना सगळ्यात जास्त आवडलं ते पत्र्यांचं. ते म्हणाले, कामावर एक बाई होती, पहिल्या पगारातून तिने कंदील घेतला. मुकादम हसला होता, घरात ज्वारी नाही आणि हिला कंदील हवा. पण तिचा मुलगा त्या कंदिलाखाली शिकला. हे त्यांनी आम्हाला आजवर कधी सांगितलं नव्हतं. तिचं नाव अजून लक्षात आहे, हजेरीपटावर रोज लिहायचे ना.

त्यांनी किसुमूकरांना विचारायला सांगितलंय: पैसे संपल्यावर त्या आजींची मासळी अजून चालू आहे का?

किसुमूकर

बाबांना माझा नमस्कार सांगा. मावशींना आज मुद्दाम विचारलं.

चालू आहे, पण पहिल्यासारखी नाही. गावात पैसा होता तेव्हा सगळेच मासळी घेत होते. आता सुगीनंतर खप होतो, त्याआधीचे दोन महिने मंदी. तरी दर बाजाराला बसतात, नातवाची फी त्यातूनच जाते. अडचण म्हणाल तर रस्त्याची. बाजाराचा रस्ता मार्च ते मे पावसात खचतो, मोटारसायकलवाले येत नाहीत, मासळी ओली होते.

पाऊलवाट

बाबा विचारतात, रस्ता कुणाकडे मागायचा ते त्यांना माहीत आहे का?

किसुमूकर

आहे. वॉर्डाच्या प्रतिनिधीकडे. दोनदा अर्ज देऊन आल्या आहेत. दुसऱ्या वेळी दीरही बरोबर गेला होता.